पाडव्याच्या आत खोली सोडायला सांगितलेले कुटुंब : मदत नेमकी कोणत्या मार्गाने करावी?

साखरपेठकर

नमस्कार.

आमच्या शेजारी गेली नऊ वर्षे भाड्याने राहणाऱ्या एका कुटुंबाला घरमालकीणबाईंनी दिवाळीच्या पाडव्यापर्यंत खोली रिकामी करण्यास सांगितले आहे. नवरा, बायको, दहावीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा असे चौघे आहेत. सोलापूरच्या पूर्व भागातले कुटुंब आहे, एवढेच सांगतो. नाव, गल्ली आणि कारखाना यांचा उल्लेख मी मुद्दाम टाळला आहे आणि प्रतिसाद देणाऱ्यांनीही तो टाळावा, ही विनंती. येथे लिहिण्यापूर्वी त्या दोघांची परवानगी घेतली आहे.

हे गृहस्थ टॉवेलच्या यंत्रमागावर काम करतात. आषाढात सुरू झालेला खोकला आणि रोज संध्याकाळी येणारा ताप हटेना, म्हणून श्रावणात तपासणी केली तेव्हा फुफ्फुसाचा क्षयरोग निघाला. सरकारी औषधे लगेच सुरू झाली, परंतु 'पूर्ण बरे झाल्यावरच या' असा कारखान्याचा निरोप आला आणि आठवड्याचा पगार थांबला. त्यांची पत्नी विड्या वळतात. पाने भिजवणे, पत्र्याच्या मापाने कापणे, मग मांडीवर सूप घेऊन रात्री उशिरापर्यंत वळत बसणे, असा त्यांचा दिवस असतो. हजार विड्या झाल्या तर दिवस चांगला गेला म्हणायचे. नवऱ्याची शुश्रूषा आणि दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्यापासून आकडा सहाशे-सातशेच्या पुढे जात नाही. त्यातून बचत गटाच्या कर्जाचा आठवड्याचा हप्ता जातो. परिणामी दरमहा 3,000 रुपयांप्रमाणे जुलैपासूनचे चार महिन्यांचे 12,000 रुपये भाडे थकले आहे.

घरमालकीणबाईंना खलनायिका ठरवू नये, असे मला मनापासून वाटते. त्या सत्तरीच्या आहेत, विधवा आहेत, आणि मागच्या तीन खोल्यांचे भाडे हेच त्यांचे उत्पन्न आहे. एका खोलीचे भाडे चार महिने न येणे म्हणजे त्यांच्या औषधांचे आणि किराण्याचे पैसे चार महिने न येणे. याशिवाय आजाराचे नाव कळल्यापासून बाकीचे भाडेकरू त्यांच्या मागे लागले आहेत की, या लोकांना काढा, नाहीतर आम्ही जातो. त्यांच्या पुतण्याने जास्त भाडे आणि मोठी अनामत देणारे गिऱ्हाईकही आणून ठेवले आहे.

आता मदतीविषयी. आमच्या गल्लीचे मन मोठे आहे. कोणी लाडू-चिवड्याचे डबे देणार आहे, कोणी मुलांना कपडे घेणार आहे, एका बचत गटाच्या भगिनींनी कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी देऊ केली आहे. या सर्वांविषयी मला आदर आहे. परंतु पाडव्याला ते डबे कोणत्या घरात ठेवायचे, हा प्रश्न कोणी विचारत नाही. खोली गेली तर नव्या ठिकाणी अनामत, एक महिन्याचे आगाऊ भाडे आणि सामान हलवण्याचा टेम्पो धरून तीस हजारांच्या आत काही जमणार नाही, आणि क्षयाचा रुग्ण आहे हे कळल्यावर खोली देणारे मिळणे आणखी अवघड आहे. मुलीची दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे. आज बारा हजारांत टिकणारे घर पुढच्या महिन्यात तिप्पट पैसे ओतूनही पुन्हा उभे राहील याची खात्री नाही. म्हणून माझे मत असे आहे की, या दिवाळीत जी काही मदत गोळा होईल ती प्रथम भाड्याकडे वळावी आणि उरले तर इतर गोष्टींकडे.

कायद्याची बाजू, आजाराविषयीची भीती आणि पैशांची रीतसर व्यवस्था, या तिन्हींबाबत जाणकारांनी कृपया लिहावे.

कन्ना_चौक

मी 2,000 रुपये देतो. माझी सूचना अशी की, मालकीणबाईंशी बोलून अकरा महिन्यांचा 'लिव्ह अँड लायसन्स' करार (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरण्याचा परवाना) नोंदवून घ्यावा. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का आणि शहरात नोंदणी शुल्क एक हजार रुपये आहे, म्हणजे फार खर्च नाही. कागद हातात असला की दोन्ही बाजू निर्धास्त राहतात.

न्यायवाट

कन्ना_चौक यांची सूचना सद्भावनेची आहे, परंतु या प्रकरणात घाईने तसा करार करू नये, आणि त्याचे कारण सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

नऊ वर्षे भाडे देऊन राहणारे हे कुटुंब, कागद नसला तरी, भाडेकरू असल्याचे म्हणू शकते आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चे संरक्षण मागू शकते. त्याच व्यक्तीने उद्या 'लिव्ह अँड लायसन्स'वर सही केली की ती कागदोपत्री परवानाधारक ठरते, आणि मुदत संपताच कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून तिला बाहेर काढणे तुलनेने सोपे होते. मदत म्हणून केलेला कागद अकरा महिन्यांनी त्यांच्याच विरोधात वापरला जाऊ शकतो. करार लेखी व नोंदणीकृत असणे कलम 55 नुसार बंधनकारक आहे हे खरे, परंतु ती जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. करार नोंदलेला नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

भाडे थकले म्हणून पाडव्याला कुलूप लावता येत नाही. मालकाने प्रथम थकबाकी मागणारी लेखी नोटीस द्यावी लागते, त्यानंतर 90 दिवस थांबावे लागते आणि मगच दावा करता येतो. दावा झाल्यावरही समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत थकबाकी 15 टक्के व्याज आणि दाव्याच्या खर्चासह न्यायालयात भरली, तर केवळ थकबाकीच्या कारणावरून ताबा काढून घेतला जात नाही. वीज किंवा पाणी तोडून लोकांना हुसकावणे कलम 29 ने मना आहे. आणि दुर्दैवाने सामान बाहेर काढले गेलेच, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट), 1963 च्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मिळवण्यासाठी दावा करता येतो.

वकिलाच्या खर्चाची चिंता करू नये. स्त्रीला मोफत विधी सहाय्य मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे अर्ज पत्नीच्या नावाने करावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे आणि 15100 ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

हे सर्व सांगून झाल्यावर माझा खरा सल्ला मात्र दाव्याचा नाही. सत्तरीच्या बाईंना नोटिशीची भाषा ऐकवून जो शेजार राहील, त्यात या कुटुंबाला पुढची वर्षे काढायची आहेत. कायदा पाठीशी आहे हे मनात ठेवावे आणि बोलणे थकबाकीविषयीच करावे. एक साधा कागद पुरेसा आहे : आजवरची थकबाकी किती, ती कशी फिटणार, पुढचे भाडे कोणत्या तारखेला कोणत्या खात्यात जमा होणार, दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. भाड्याची पावती मागणे हा भाडेकरूचा हक्क आहे. मालकीणबाईंचाही एक हक्क येथे नोंदवतो : या कायद्याप्रमाणे त्या दरवर्षी 4 टक्के भाडेवाढ करू शकतात.

साखरपेठकर

न्यायवाट, आपले आभार. कराराविषयीची ही बाजू माझ्या ध्यानात आली नसती. भाडेवाढीचा मुद्दा फार कामाचा आहे. गेल्या तीन वर्षांत भाडे वाढलेले नाही, हे मालकीणबाईंनी मला दोनदा ऐकवले आहे.

औषधवेळ

मी क्षयरोग कार्यक्रमात घरभेटी देण्याचे काम केले आहे, त्यामुळे आजाराच्या बाजूने लिहिते.

पहिली गोष्ट शेजाऱ्यांसाठी. फुफ्फुसाचा क्षय खोकल्या-शिंकल्यातून हवेवाटे पसरतो. भांडी, कपडे, नळ किंवा सामायिक दोरी यांमुळे तो पसरत नाही. औषधांना दाद देणाऱ्या साध्या क्षयरोगात नियमित उपचार सुरू झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता खूपच कमी होते. श्रावणात औषधे सुरू झाली असतील, तर पहिल्या दोन महिन्यांचा टप्पा संपला असेल आणि त्या वेळी थुंकीची पुन्हा तपासणी होते. तो अहवाल निर्दोष असेल, तर आरोग्य केंद्रातील डॉक्टरांकडून तसे लिहून घ्यावे. बाकीच्या भाडेकरूंसमोर दहा वेळा समजावण्यापेक्षा तो एक कागद अधिक काम करतो, आणि कारखान्यात परत जाण्यासाठीही त्याचाच उपयोग होईल. आरोग्य सेविकेला मालकीणबाईंच्या अंगणात येऊन पाच मिनिटे बोलायला सांगावे. त्या घरांत तेलुगू बोलली जात असेल, तर तेलुगू बोलणाऱ्या सेविकेलाच न्यावे. भीतीची गोष्ट माणूस आपल्या भाषेतच विचारतो.

दुसरी गोष्ट पैशांची. क्षयरुग्णांच्या आहारासाठी असलेल्या सरकारी निक्षय पोषण योजनेत रुग्णाला पूर्वी दरमहा 500 रुपये मिळत. नोव्हेंबर 2024 पासून ती रक्कम 1,000 रुपये झाली असून सहा महिन्यांच्या उपचारासाठी 3,000 रुपयांचे दोन हप्ते दिले जातात, त्यातील दुसरा उपचाराचे 84 दिवस पूर्ण झाल्यावर. बँक खात्याची आधार जोडणी राहिल्यामुळे अनेकांचे पैसे अडकलेले मी पाहिले आहेत, म्हणून पहिला हप्ता जमा झाला का हे पासबुकावर पाहून घ्यावे. ज्यांना धान्य किंवा पोषण आहार द्यायचा आहे त्यांनी 'निक्षय मित्र' म्हणून नोंदणी केली, तर रुग्णाला दरमहा पोषण आहाराचा संच देता येतो. फराळाऐवजी डाळ, शेंगदाणे, तेल आणि अंडी पोहोचली तर मला अधिक आनंद होईल.

आणखी एक काळजी. विड्यांचे काम ज्या खोलीत चालते तेथे तंबाखूची धूळ असते आणि त्या गृहस्थांचे फुफ्फुस आधीच अशक्त आहे. शक्य असेल तर वळण्याचे काम ओसरीवर, मोकळ्या हवेत व्हावे. दोन्ही मुलांची आणि पत्नीची तपासणी झाली आहे का, हेही कृपया विचारावे.

सूत_ताणा

मी स्वतः यंत्रमागाच्या धंद्यात आहे. मला आश्चर्य वाटते की, बोनसचा विषय अजून कोणी काढला नाही.

दिवाळीला मिळणारा बोनस हा 31 मार्चला संपलेल्या आर्थिक वर्षाचा असतो. हे गृहस्थ आषाढात आजारी पडले, म्हणजे त्या वर्षात ते पूर्ण वेळ मागावर उभे होते. आज ते कामावर नाहीत म्हणून त्या वर्षाचा बोनस बुडत नाही. कायद्याप्रमाणे वर्षात 30 दिवस काम केलेला कामगारही बोनसला पात्र असतो आणि किमान बोनस 8.33 टक्के आहे. लहान कारखाने कामगारांच्या संख्येमुळे कायद्याच्या बाहेर राहतात हे मला माहीत आहे, परंतु दिवाळीला कामगाराचा हात रिकामा ठेवू नये ही सोलापूरची जुनी रीत आहे आणि बहुतेक मालक ती पाळतात.

त्यांनी एकट्याने जाऊ नये. आजारी माणूस मालकासमोर खाली मान घालून उभा राहतो आणि 'बघू' ऐकून परत येतो. खात्यातला जुना जॉबर, म्हणजे मुकादम, बरोबर असावा, कारण माणसाचे काम त्याने पाहिलेले असते. लक्ष्मीपूजनाच्या आधी जावे, कारण त्यानंतर कारखाने काही दिवस बंद राहतात आणि मालकही गावात नसतात. तेथे उत्तर मिळाले नाही तर मला खासगी निरोप पाठवा, मी बोलून पाहीन.

पुण्यातला_सोलापूरकर

माझे बालपण याच भागात गेले, त्यामुळे वाचून अस्वस्थ झालो. 3,000 रुपये पाठवतो. कुटुंबाचा एखादा फोटो आणि थोडी माहिती दिल्यास माझ्या कार्यालयातून बरीच मोठी रक्कम जमू शकेल.

साखरपेठकर

आपल्या भावनेचा मान राखून नम्रपणे नकार देतो. मुलगी दहावीत आहे. तिच्या वडिलांच्या आजाराचे नाव आणि तिचा चेहरा एकत्र मोबाइलवर फिरला, तर वर्गात तिला काय ऐकावे लागेल याचा विचार करावा. आपल्याला मोठी रक्कम नको आहे. 12,000 रुपयांची थकबाकी आणि उपचार संपेपर्यंतचे भाडे, एवढीच गरज आहे आणि ती ओळखीच्या चार-सहा जणांत भागते. पैसे माझ्या खात्यात कोणीही पाठवू नयेत. ते थेट मालकीणबाईंच्या खात्यात, 'अमुक महिन्याचे भाडे' असे लिहून जमा व्हावेत, म्हणजे हिशेब आपोआप राहील.

हिशेबनीस

बचत गटाच्या हप्त्याविषयी थोडे लिहितो. ज्याला आपण सगळे 'गटाचे कर्ज' म्हणतो ते बहुधा सूक्ष्मवित्त कंपनीचे, म्हणजे गरीब कुटुंबांना लहान कर्जे देणाऱ्या कंपनीचे असते. एप्रिल 2022 पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होतील असे नवे कर्ज कंपनीने देता कामा नये, आणि सकाळी 9 च्या आधी किंवा संध्याकाळी 6 नंतर वसुलीसाठी दारात येता कामा नये. ताईंनी शाखेत जाऊन नवऱ्याच्या उपचाराची कागदपत्रे दाखवावीत आणि हप्ते पुढे ढकलण्याची किंवा लहान करण्याची मागणी लेखी द्यावी. पोच घ्यावी. दाद मिळाली नाही तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि 30 दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

हा हप्ता भरण्यासाठी खासगी सावकाराकडून दहा टक्क्यांनी पैसे उचलले जात नाहीत ना, एवढे मात्र आजच विचारा. ते 'दहा टक्के' महिन्याचे असतात. परवान्याशिवाय सावकारी करणे हा 2014 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्याची तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. थकलेले भाडे एकवेळ सांभाळता येते, पण ते कर्ज अंगावर आले की घरातले मंगळसूत्रही राहत नाही.

भीमाकाठ

कुंभारीला विडी कामगारांचे मोठे घरकुल आहे आणि रे नगरमध्ये 30,000 घरांचा प्रकल्प आहे, ज्यातील 15,000 घरांच्या चाव्या 19 जानेवारी 2024 रोजी दिल्या गेल्या. यांना तेथे घर का मिळू नये?

न्यायवाट

त्या योजनांतले लाभार्थी आधीच सभासद म्हणून नोंदलेले असतात, त्यामुळे पाडव्याच्या आत त्या मार्गाने काही होणार नाही. पुढे प्रधानमंत्री आवास योजनेत त्यांची पात्रता जरूर तपासावी.

साखरपेठकर

आजवरची प्रगती कळवतो.

सूत_ताणा यांच्या सांगण्याप्रमाणे गृहस्थ जुन्या जॉबरसह कारखान्यात गेले. मालकांनी 8,500 रुपये बोनस दिला आणि डॉक्टरांचे पत्र आणल्यास दिवाळीच्या सुट्टीनंतर हलक्या कामावर घेण्याची तयारी दाखवली. थुंकीचा दुसरा अहवाल निर्दोष आला आहे. पत्नी आणि मुलांची तपासणी झाली असून तिघेही ठीक आहेत. सावकाराचे पैसे घेतलेले नाहीत, हेही विचारून खात्री केली.

आता एका गोष्टीविषयी स्पष्ट लिहितो, कारण दोन जणांनी मला खासगीत नापसंती कळवली आहे. बोनसमधून 6,000 रुपये थकबाकीत भरण्याचे ठरले आणि 2,500 रुपये त्या माउलीने मुलांचे कपडे आणि घरच्या फराळासाठी बाजूला काढले. लोक भाडे भरत असताना यांनी कपडे घ्यावेत का, असा आक्षेप आला. माझे उत्तर असे की, तो बोनस त्या माणसाने वर्षभर मागाच्या खडखडाटात उभे राहून कमावला आहे आणि त्यातला वाटा मुलांवर कसा खर्चावा हे ठरवण्याचा अधिकार त्यांचाच आहे. आपण भाडे देतो म्हणून त्यांच्या घरातली दिवाळी आपण ठरवू लागलो, तर ती मदत राहत नाही. त्यांनी स्वतःहून एक वही केली आहे. कोणी किती दिले हे त्यात लिहून घेतात आणि काम सुरू झाल्यावर परत करणार असल्याचे सांगतात. परत नको, असे मी एकदा म्हणून पाहिले, तेव्हा त्यांनी वही मिटली आणि विषय बदलला. त्यामुळे मी पुन्हा तसे म्हटलेले नाही.

औषधवेळ

त्यांनी वही ठेवली आहे तर ठेवू द्यावी. नोव्हेंबरच्या भाड्यातला माझा वाटाही तीत लिहायला सांगा.

साखरपेठकर

मालकीणबाईंशी काल सविस्तर बोलणे झाले. आरोग्य सेविका आधी येऊन गेल्या होत्या. त्यांनी अंगणात बसून तेलुगूतून सगळ्यांच्या शंका ऐकल्या. कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजोबांनी दोरीवरच्या कपड्यांचे विचारले, त्याचे उत्तर मिळाल्यावर बाकीच्यांचाही आवाज खाली आला. पुतणे नाराज आहेत, आणि ते तसेच राहतील असे दिसते. परंतु खोली मालकीणबाईंच्या नावावर आहे आणि निर्णय त्यांनीच घेतला.

कागद न्यायवाट यांनी सांगितला तसाच केला. थकबाकीचे 12,000 रुपये पूर्ण फिटले : बोनसमधले 6,000, पुण्यातला_सोलापूरकर यांचे 3,000, कन्ना_चौक यांचे 2,000 आणि माझे 1,000. मालकीणबाईंनी चारही महिन्यांच्या पावत्या दिल्या. पुढचे भाडे दरमहा 5 तारखेपर्यंत त्यांच्या खात्यात जमा व्हायचे आहे आणि एप्रिलपासून 4 टक्क्यांप्रमाणे 120 रुपये वाढ मिळेल, ही अट त्यांनी स्वतः वाचून घेतली आणि समाधान व्यक्त केले. खोलीला चुना कुटुंबानेच लावून घेतला.

उपचार फेब्रुवारीत संपेल. तोपर्यंत दरमहा 1,500 रुपये कुटुंब भरणार आहे आणि 1,500 आपण भरायचे आहेत. नोव्हेंबरचा वाटा औषधवेळ, डिसेंबरचा हिशेबनीस आणि फेब्रुवारीचा भीमाकाठ यांनी घेतला आहे. सूक्ष्मवित्त कंपनीला दिलेल्या अर्जाची पोच मिळाली आहे, उत्तर अजून आलेले नाही. जानेवारीचा वाटा मोकळा आहे. ज्यांना तो घेणे शक्य आहे त्यांनी मला निरोप पाठवावा, मी मालकीणबाईंच्या संमतीने खाते क्रमांक कळवीन.